ज्योत दिसते, पाणी दिसत नाही

५ डिसेंबर

ताई,

लांबूनच नमस्कार. बाबांनाही सांग. फोन करत नाही म्हणून तू फुगली असशील. पण इथला फोन साहेबांच्या खोलीत, आणि मागे रांगेत उभे असलेले सगळे कान टवकारून. त्यात बाबांना ऐकू येत नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडणार, "बाबा, तब्येत कशी आहे?" आणि ते म्हणणार, "साडेदहा झाले." त्यापेक्षा पत्र बरं, त्यांना वाचता तरी येतं. अक्षर वाकडं आहे, पण शाळेने दिलं तेवढंच आहे. आणि शाळेला मी फार सवड दिली नाही, हे तुला माहीतच आहे.

तर बातमी अशी की गंज खरवडायचं काम सुटलं. थांब, कपाळावर हात मारू नकोस! नोकरी सोडली नाही, बढती मिळाली. आता मी वरच्या डेकवर. रिग म्हणजे काय तर भर समुद्रात लोखंडी पायांवर उभा केलेला कारखाना. त्याच्या डोक्यावर एक सपाट छत, छतावर पिवळा गोल, आणि त्या गोलात हेलिकॉप्टर उतरतं. ते उतरताना आम्ही आगीचा पाइप धरून उभे. वाकून लोकांना बाहेर काढायचं, वाकून आत बसवायचं, कुणाची टोपी उडू द्यायची नाही. आमच्या टोळीचे मुख्य म्हणजे वस्ताद. मी विचारलं, "मलाच का घेतलं?" तर म्हणाले, "तू एका जागी बसत नाहीस. दिवसभर फुकट येरझाऱ्या घालतोस, त्या आता पगारात घाल."

सगळ्यात मोठं काम सकाळचं. किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर निघायच्या आधी रेडिओवाला विचारतो, "काय दिसतं?" आमच्यापासून लांब दुसरी एक रिग आहे. तिच्या उंच दांडीच्या टोकाला जादा गॅस जळत असतो, ही मोठी ज्योत. ती दिसली की म्हणायचं, "ज्योत दिसते." झालं, हेलिकॉप्टर निघालं. तिथला गडी आमची ज्योत बघतो, आम्ही त्याची. वस्ताद म्हणतात, दोन शेजारणी एकमेकींच्या चुली बघतात ना, तसं.

पाळी बदलायच्या दिवशी तर मजाच असते. घरी जाणारे बॅगा भरून जिन्यात उभे, आणि मी तोंड उघडायच्या आत सगळे एका सुरात, "दिसतंय, दिसतंय!" खानसामा तर डोळे मिटून ओरडतो.

बाबांच्या दम लागण्याचं काय झालं? खरं लिही.

तुझा,
बारक्या

१४ डिसेंबर

बारक्या,

बढती मिळाली, आनंद झाला. गेल्या चार वर्षांत गॅरेज झालं, छापखाना झाला, ट्रकवर क्लीनर झालास, आणखी काय काय झालास ते तुझं तुला ठाऊक. पायाला भिंगरी लागलेला माणूस समुद्रात ठेवलाय हे बरं झालं. पळून जाशील कुठे?

"काय दिसतं?" हा तर माझाही रोजचाच प्रश्न. दुकानात मालक भिंगं घासतात आणि मी गिऱ्हाइकाला तक्त्यासमोर बसवते. लोकांना चष्मा नको असतो ना, मग ते तक्ता पाठ करून येतात. परवा एका काकांनी खालची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. मी म्हटलं, "काका, मी अजून दिवा लावलेला नाही." तर मलाच म्हणाले, "तुझंच काहीतरी चुकतंय, पोरी."

आता खरं लिही म्हणतोस, तर लिहिते. बाबांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. जिना चढून आले की भिंतीला धरून उभे राहतात, आणि मी बघितलं तर भिंत पोपडे धरते का ते बघतोय म्हणतात. ऑपरेशन करायलाच हवं. मोठे डॉक्टर बाहेरगावाहून येतात, त्यांनी २२ जानेवारी दिली आहे. ती हुकली तर पुढची वेळ उन्हाळ्यात. इथले डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत थांबायचा विचारसुद्धा करू नका.

आणि बाबा काय म्हणतात? "बारक्या आल्याशिवाय मी टेबलावर आडवा होणार नाही." मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, शेजारच्या मावशी रडल्या. एकच ठेका. "इतकी वर्षं बस चालवली, शेवटचा प्रवासी चढल्याशिवाय गाडी काढली नाही." आता या माणसापुढे कुणी डोकं फोडावं?

तू ये. बाकी मला काही माहीत नाही. रजा माग, हातापाया पड, काय वाटेल ते कर. २२च्या आधी ये.

ताई

२३ डिसेंबर

ताई,

पत्र मिळालं. रजा मिळाली. १६ जानेवारीच्या हेलिकॉप्टरने निघतो. बाबांना सांग, शेवटचा प्रवासी येतोय.

इथे सगळं ठीक. थंडी आहे. बोटं गारठली म्हणून जास्त लिहीत नाही. काळजी करू नकोस.

बारक्या

२९ डिसेंबर

बारक्या,

"इथे सगळं ठीक"?

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी दुकानात मालकांनी पेपर माझ्यापुढे टाकला. चौथ्या पानावर होतं. धुक्यात हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, रिगवरच्या माणसांना घेऊन चाललं होतं. रिगचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत. मी दुकानातूनच तुमच्या रिगचा फोन लावत राहिले, लागला नाही. तू त्यात नाहीस हे मला तुझ्या पत्रावरच्या तारखेने कळलं. तारखेने! तोवर एक रात्र कशी गेली ते मी तुला सांगणार नाही.

पेपर मी घरी आणला नाही. पण बाबा वाचनालयात जाऊन बसतात, हे मी विसरले. संध्याकाळी आले. जेवताना एकदम म्हणाले, "रिगवर दोन-तीन हेलिकॉप्टरं असतील ना?" मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताटाकडे पाहिलं. आम्ही दोघंही एकमेकांना फसवत बसलो होतो, आणि तिसरा तू, तिकडून.

लहान होतास तेव्हा खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत, पण मला दिसले. काय झालं ते सगळं लिही. अर्धवट लिहिलंस तर मी स्वतः येईन तिथे, पोहत.

ताई

४ जानेवारी

ताई,

बरं. सगळं लिहितो. बाबांना वाचायला द्यायचं का ते तू ठरव.

२० तारखेला सकाळी धुकं होतं. भिंतीसारखं नव्हतं, पातळ, दुधात पाणी घातल्यासारखं. वर आभाळ उजळलेलं. रेडिओवाल्याने विचारलं, "काय दिसतं?" शेजारच्या रिगची ज्योत धुक्यातून चांगली लालभडक दिसत होती. मी म्हटलं, "ज्योत दिसते." तिथल्या गड्यानेही तेच सांगितलं. हेलिकॉप्टर निघालं. आधी त्यांच्याकडे उतरायचं, मग आमच्याकडे.

आम्ही पाइप धरून उभे होतो. आवाज ऐकू आला, जवळ आला, थोडा लांब गेला, पुन्हा वळून आला. वस्ताद म्हणाले, "शोधतोय." आणि मग आवाज थांबला. इंजिन बंद करताना ते हळूहळू उतरतं ना, तसा नाही. कापड फाडल्यासारखा थांबला.

बचावाच्या होडीत मी उडी मारली. कुणी सांगितलं नव्हतं. मला तिथे उभं राहवलं नाही, एवढंच. होडी पाण्यावर उतरली तेव्हा मला कळलं, ताई. खाली काहीच दिसत नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते हाताच्या अंतरावरही कळत नव्हतं. दोन्ही एकाच रंगाचं. डोकं वर केलं तर ज्योत दिसायची, आणि मान खाली केली तर कोऱ्या कागदात बसल्यासारखं. हेलिकॉप्टर चालवणाऱ्याकडे यंत्रं असतात, पण शेवटचं उतरणं डोळ्यांनी असतं. त्याला ज्योत दिसली, तो तिच्या दिशेने खाली येत राहिला. पाणी त्याला लागलं तेव्हाच समजलं.

ते उलटं होऊन तरंगत होतं. काही जण त्याच्या पोटावर चढून बसले होते. त्यांना ओढून घेतलं. सगळे बाहेर आले नाहीत. एकाने घाबरून आतच तरंगायचं जॅकेट फुगवलं होतं, ते त्याला वर दाबून धरत होतं आणि दार होतं खाली. याहून जास्त मी लिहिणार नाही, आणि तू विचारू नकोस.

माणसं त्यांच्या रिगवर पोचवली तेव्हा तिथला तो गडी मला भेटला, सकाळी "ज्योत दिसते" म्हणणारा. माझ्याच वयाचा. माझी बाही धरून एकच वाक्य, "मी खोटं नाही बोललो रे. ज्योत दिसत होती." ती ज्योत आमची होती. आणि माझंही उत्तर तेच होतं. त्यांची पाळी आधी होती, इतकाच फरक.

कुणी खोटं बोललं नाही, तरी माणसं गेली. हे माझ्या डोक्यातून जात नाही. वस्तादांना म्हटलं, "ज्योत उंचावर असते, ती धुक्यातूनही दिसते. उतरायचं असतं पाण्यावरून. मग आपण पाणी का सांगत नाही?" वस्ताद म्हणाले, "आजवर कुणी विचारलं नाही म्हणून." आणि गळ्यातली शिट्टी चावू लागले.

मी ठरवलंय. यापुढे मी दोन्ही सांगणार. आमच्या पायाशी एक पिवळा बोया, साखळीला बांधलेला पोकळ गोळा, तरंगतो. तो दिसला आणि त्याच्याभोवतीचं पाणी दिसलं, तरच "दिसतंय." नाहीतर नाही. साहेबांना आवडो न आवडो.

हेलिकॉप्टर काही दिवस बंद होतं, आता पुन्हा सुरू झालंय. मी १६ला त्यात बसणार आहे. भीती वाटते, पण बसणार.

बारक्या

९ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र बाबांनी माझ्या हातातून काढून घेतलं. दोनदा वाचलं. मग घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं.

इथे रोज बातम्यांत सांगतात, किनाऱ्यावर धुकं, आणखी काही दिवस राहणार. बाबांचे पाय सुजले आहेत. काल आंघोळीच्या बादलीपाशी बसले आणि उठता आलं नाही. मला हाक मारली नाही. मीच दार ढकललं तेव्हा म्हणाले, "बसलोय जरा, तुझं काय जातंय?" मी डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, २२ म्हणजे २२. आणि बाबा अजून तेच. बारक्या दिसू दे.

आता मी जे लिहिते ते वाचून तू माझ्यावर चिडशील, चीड. तू "दिसतंय" म्हणालास तर हेलिकॉप्टर येतं ना? मग एक दिवस म्हण. एकच दिवस. मी काही वेडी नाही, मला कळतंय मी काय लिहिते आहे. पण इतके दिवस धुक्यातून हेलिकॉप्टरं येतच होती ना? तू कुणाला सांगत बसला होतास बोया न् पाणी? तेव्हा चाललं, मग आमच्याच वेळेला का नाही?

तुझ्याकडे रिग आहे, वस्ताद आहेत. माझ्याकडे दोनच माणसं आहेत, आणि दोन्ही हट्टी.

ये.

ताई

१७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र आज सामानाच्या बोटीने आलं. बोट तासाभरात परत निघेल, तेवढ्यात हे लिहून देतो. अक्षराला नावं ठेवू नकोस.

चिडलो नाही. आधी चिडलो, मग नाही.

काल १६ होती. तू म्हणालीस तसंच धुकं. जिन्यात बॅगा घेऊन सगळे उभे, पाळी संपून आठवडा झालेले. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाला पोर झालंय, ते अजून पाहिलं नाही. माझी बॅगही त्याच रांगेत होती, सगळ्यात पुढे. रेडिओवाल्याने विचारलं, "काय दिसतं?" मागून कोरस, "दिसतंय, दिसतंय!" या वेळी मजा म्हणून नव्हे. मी कठड्यावरून ओणवा होऊन खाली पाहिलं. ज्योत होती. बोया नव्हता. पाणी नव्हतं.

मी म्हटलं, "ज्योत दिसते. पाणी दिसत नाही."

साहेब वर आले. "तुला विचारलंय तेवढं सांग. ज्योत दिसते का?"

"दिसते, साहेब."

"मग झालं."

"साहेब, दोन्ही सांगा. नाहीतर माझ्या नावावर एकही सांगू नका."

खानसामा मागून ओरडला, "अरे, तुझाच बाप आजारी आहे ना? तुला नाही जायचं का?" ताई, मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. धरलं नाही. म्हटलं, "जायचंय. म्हणूनच सांगतोय. पोचायचं आहे मला."

साहेबांनी कठड्यावरून खाली पाहिलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांच्यावरही वरून दट्ट्या असतो. शेवटी रेडिओवाल्याला म्हणाले, "तो म्हणतो तसं सांग." त्याने दोन्ही सांगितलं. पलीकडून हेलिकॉप्टर चालवणाऱ्याचा आवाज आला. म्हणाला, "पाणी नाही? मग मी थांबतो. बरं झालं सांगितलंत." इतकंच. ज्याला उडायचं त्याने वाद घातला नाही, वाद घालणारे सगळे जिन्यात.

रात्री जेवायला बसलो तर माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. खानसाम्याने माझ्या ताटात डाव असा आपटला की निम्मं सांडलं.

तू मला "एक दिवस म्हण" म्हणतेस. तुझ्यासमोर कुणी बसला, त्याला ओळ दिसत नाही, आणि रडत म्हणाला की माझ्या घरी अमुक आहे, मला पास कर, मला उद्या गाडी चालवायची आहे. तू करशील? तू करणार नाहीस. मला माहीत आहे, कारण तू एकदा बाबांनाही सोडलं नव्हतंस. नंबर वाढला म्हटल्यावर नवा चष्मा घेईपर्यंत तू त्यांच्या बसची किल्लीच लपवली होतीस, आणि ते आठवडाभर तुझ्याशी बोलत नव्हते.

मी नाही म्हणणार. बाबांसाठीही नाही. त्या हेलिकॉप्टरात मी एकटा नसतो, आणि एकटा असतो तरी म्हटलं नसतं.

पण ऐक. मी येणार नाही असं मी कुठे म्हटलं? धुकं आडवं आलं म्हणून मी आडवा पडणार नाही. बोटीच्या कप्तानाला आत्ता विचारलं. "सामानाची बोट आहे, माणसं घेत नाही, नियम आहे," म्हणाला. परवा पुन्हा येणार आहे. परवा पुन्हा विचारीन. नियम त्याचा आहे, तोंड माझं आहे.

बाबांना हे पत्र दे. आणि सांग, थोडं सरकून बसा, शेवटचा प्रवासी धावत येतोय.

बोटीने भोंगा दिला.

बारक्या

१० फेब्रुवारी

चि. बारक्यास,

हात कापतो, अक्षर सांभाळून घे. ताई म्हणते मी सांगतो, तू लिही. मी म्हटलं, माझा मी लिहीन. तू परत कामावर गेलास, घर एकदम मोठं झालं.

समोर असताना बोललो नाही ते लिहितो. ऐकू येत नाही त्याला बोलायची सवयही राहत नाही.

तुझं १७चं पत्र २० तारखेला आलं. ताई वाचून रडत बसली. मी वाचलं आणि मला घाम फुटला. पण कशाने, ते ऐक. तुला वाटेल पोरगा येत नाही म्हणून. मुळीच नाही. बावीस वर्षं गाडी चालवली, धुकं मला शिकवू नकोस. उतारावर पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला की ड्रायव्हरला वाटतं रस्ता दिसतोय. दिवा दिसत असतो, रस्ता नाही. माझ्या बरोबरीचा एक चांगला ड्रायव्हर तसाच गेला, पुढच्याच्या मागोमाग दरीत.

मला घाम फुटला तो माझ्यामुळे. मी इथे हट्ट धरून बसलोय, पोरगा आला तरच झोपणार, आणि तिथे सगळे तुझ्या मागे लागलेत की दिसतंय म्हण. त्यात ताईसुद्धा. त्या ढकलणाऱ्यांत सगळ्यात मोठा हात माझा होता. दोन दिवस आणखी गेले असते तर तू कदाचित म्हणालाही असतास. माणूसच आहेस.

मग मी ताईला म्हटलं, "चल दवाखान्यात. डॉक्टर आलेत का बघ, आले असतील तर २२ कशाला, आधी घ्या म्हणावं." डॉक्टर २०लाच आले होते. त्यांच्या यादीत २१ला जागा निघाली. ताईला सांगितलं, रिगवर फोन लाव, म्हणावं बापाचं झालं, पोराला घाई करायची गरज नाही, धुकं उठेपर्यंत तिथेच राहू दे. तिने फोन लावला तर रेडिओवाला म्हणतो, तो कालच बोटीने गेला! घ्या. तुला थांबवायला मी टेबलावर चढलो आणि तू निघूनही आलास.

शुद्धीवर आलो तेव्हा पायाशी दोन माणसं उभी. एक तू, दाढी वाढलेला, आणि एक कोण जाडा, हिरवापिवळा पडलेला. म्हटलं स्वर्गात आचारी ठेवलेत वाटतं. तुझा खानसामा निघाला. ताईने त्याला लिंबूपाणी दिलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं, तिने मला पाटीवर लिहून दाखवलं. १९च्या बोटीला तू कप्तानाला म्हणालास, "माणूस घेत नसाल तर सामान म्हणून घ्या, वजन करून चिठ्ठी चिकटवा." तो हसला तिथे हरला. मग खानसामाही म्हणाला, मीही सामान. क्रेनच्या टोपलीतून तुम्हाला खाली सोडलं. त्याने बंदरापर्यंत उलट्या केल्या आणि दर उलटीनंतर तुझी माफी मागितली, असं ऐकतो. तू म्हणालास, "आधी उरक, मग माग."

एक विचारायचं राहिलं. तू बोटीत बसलास तेव्हा सकाळी डेकवर पाहायला कोण होतं?

झडप नवी आहे, टिकटिक करते म्हणतात. मला ऐकू येत नाही, त्यामुळे झोप चांगली लागते.

तुझा,
बाबा

२६ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, कापऱ्या हातानेसुद्धा.

तुम्ही विचारलंत, मी गेलो तेव्हा कोण होतं. वस्ताद होते. मला वाटलं होतं मी पाठ फिरवली की पुन्हा "ज्योत दिसते" आणि उडालं हेलिकॉप्टर. टोपलीत चढताना तेवढ्यासाठी पाय उचलत नव्हता. वस्तादांनी मला ढकललं आणि म्हणाले, "जा रे, मला डोळे आहेत." परत आल्यावर रेडिओवाल्याने सांगितलं, त्या दिवशी वस्ताद कठड्यावर पालथे पडून बोया शोधत होते, आणि साहेबांनी खालून विचारलं तर म्हणाले, "पाणी दिसत नाही. मी या वयात एवढा वाकलोय, तर आता माझंच ऐका." साहेबांनी वर कागद पाठवलाय म्हणे, नियम बदला म्हणून. तो कागद कुठे फिरतोय देव जाणे.

इथे येताना हेलिकॉप्टरनेच आलो. ऊन होतं, पाणी निळं, लाटेवरची सुरकुतीसुद्धा दिसत होती. तरी खिडकीच्या चौकटीला एक हात आणि पट्ट्याच्या कडीला दुसरा, उतरेपर्यंत सोडला नाही. शेजारी खानसामा होता, तोही तसाच. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

आज सकाळी पुन्हा धुकं आहे. पाळी बदलायचा दिवस आहे. जिना भरलेला. नव्याने आलेला एक वेल्डर मागून ओरडला, "दिसतंय रे, दिसतंय, ती बघ ज्योत!" खानसाम्याने बॅग खाली ठेवली, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला कठड्यापाशी घेऊन गेला. "मला पाणी दाखव," म्हणाला. "बोटाने दाखव. मग तुझ्याबरोबर मीही ओरडतो." वेल्डर बराच वेळ वाकून बघत होता. मग येऊन रांगेत उभा राहिला.

मग रेडिओ वाजला. बाबा, नियम अजून आलेला नाही, कुणी सांगितलेलं नाही, पण रेडिओवाल्याने विचारलं ते असं, "आधी पाणी सांगा. मग ज्योत."

त्याच रेडिओवर आमच्या आधी शेजारच्या रिगचं उत्तर ऐकू आलं. तोच गडी. मधले दोन महिने तो डेकवर आलाच नव्हता, खाली कोठारात काम मागून घेतलं होतं त्याने. आज पहिल्यांदा वर आला. आवाज चिरकत होता, पण शब्द एकेक मोजून, "पाणी दिसत नाही. ज्योत दिसते. पाणी दिसत नाही." दोनदा म्हणाला.

मी म्हटलं, "इथेही तेच."

जिन्यातल्या लोकांनी बॅगा खाली ठेवल्या. एकाने पत्ते काढले.

मी डेकवर बसून हे लिहितोय, कागद ओला होतोय. मधूनमधून उठून कठड्यावरून बघतो. अजून काही नाही. पण मी इथेच आहे.

बारक्या